मागचे ब्रेक का तापतात, हे शोधताना

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून, लांबचा प्रवास करून गाडीतून उतरले की मागच्या उजव्या चाकापाशी जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेकमधल्या घासल्या जाणाऱ्या अस्तराचा, वास येऊ लागला. गाडी बारा वर्षे जुनी हॅचबॅक आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि दोन आसनांमध्ये हाताने ओढायचा साधा हँडब्रेक, अशी तिची रचना आहे. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन अर्धगोल शू, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून दाबले जातात. या वासाची क्लच जळाल्याच्या वासाशी सहज गल्लत होते. मात्र क्लचचा वास चढावर किंवा रहदारीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटल्यावर आणि बॉनेटच्या बाजूने येतो. हा वास मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकला फारसा पाय न लावता केलेल्या प्रवासानंतर मागून येत होता. आणखी दोन खुणा त्याच्याही आधीपासून दिसत होत्या. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की ती पूर्वीसारखी घरंगळत न जाता लगेच थबकत असे, आणि इंधनाचा सरासरी वापर काही आठवडे हळूहळू वाढत चालला होता. या दोन्ही खुणा टायरमध्ये हवा कमी असली तरी दिसतात, म्हणून सर्वांत आधी चारही टायरची हवा तपासून घेतली. ती योग्य होती.

ज्यांच्या गाडीत हा त्रास नुकताच सुरू झाला आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगते. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, कारण ओतीव लोखंड एकदम थंड झाले तर त्याला तडा जाऊ शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले किंवा पायाखाली मऊ लागू लागले, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून ब्रेक पूर्ण थंड होईपर्यंत पुढे जाऊ नये. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटत जातो. डॉट या प्रमाणकातल्या डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलसाठी तो किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ साठी किमान २३० अंश असावा लागतो. पण ओल शोषलेल्या ऑइलसाठी याच प्रमाणकातल्या किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली येतात. चाकातले ऑइल एकदा उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. माझ्या गाडीतले ऑइल शेवटचे कधी बदलले होते याची नोंद सर्व्हिसच्या पुस्तिकेत तीन वर्षांहून जुनी निघाली, तर बहुतेक उत्पादक ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ती नोंद पाहिल्यावर, तोवर केवळ त्रासदायक वाटणाऱ्या वासाची मला पहिल्यांदा भीती वाटली.

वासावरून निदान होत नाही, म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. हे छोटे उपकरण गाडीच्या दुरुस्तीच्या तुलनेत अगदीच स्वस्त असते आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याचाच आधार मिळाला. ते वापरताना एक काळजी घ्यावी लागते. चकचकीत उघड्या धातूवर ते खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. त्यामुळे चारही चाकांवर गंजलेली किंवा काळवंडलेली, सारखीच जागा निवडून तिथेच मोजावे. मी रस्ताही मुद्दाम मोकळा निवडला आणि शेवटचा टप्पा ब्रेक जवळजवळ न वापरता, गिअर उतरवत गाडी सावकाश थांबवून पूर्ण केला. असे करण्यामागे कारण होते. मागचे ब्रेक दोन वेगळ्या प्रकारे तापू शकतात. एक, ब्रेक लावताना मागच्या चाकांवर वाजवीपेक्षा जास्त काम पडते. पुढचे ब्रेक कमजोर झाले असले, मागे फार वजन भरलेले असले किंवा वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बिघडला असला, तर असे होते. दोन, ब्रेक सोडल्यावरही मागचे शू ड्रमला घासत राहतात. ब्रेक न वापरता केलेल्या प्रवासानंतरही चाक तापले, तर पहिली शक्यता मागे पडते.

पुढचे दोन्ही डिस्क साठीच्या आत होते. मागचा डावा ड्रम पंच्याऐंशीच्या आसपास आणि मागचा उजवा १६० अंशांच्या वर. गाडी थांबवताना बहुतांश भार पुढच्या ब्रेकवर येतो, त्यामुळे निरोगी गाडीत पुढची चाके जास्त गरम असायला हवीत. इथे सगळे उलटे होते. मोजमापांचा कागद, बाहेरचे तापमान आणि रस्त्याचा प्रकार लिहून, गाडीच्या कागदपत्रांतच ठेवला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

मग सर्व्हिस मॅन्युअल उघडले आणि ब्रेकच्या नळ्यांची आकृती पाहिली. पुढची चाके ओढणाऱ्या अनेक गाड्यांप्रमाणे माझ्या गाडीतही ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग तिरपे विभागलेले आहेत. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका मार्गावर, पुढचे उजवे आणि मागचे डावे दुसऱ्यावर. या एका आकृतीने बरीच शोधाशोध वाचवली. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर ते परत येऊ देत नसेल, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा दांडा जास्त लांब राहिला असेल किंवा पेडलच पूर्ण वर येत नसेल, तर अडकलेला दाब त्या मार्गावरच्या पुढच्या चाकालाही धरून ठेवतो. माझ्या गाडीत पुढची चाके थंड होती आणि मागची दोन्ही तापत होती. दोन्ही मागच्या चाकांना, आणि फक्त त्यांनाच, जोडणारी एकच यंत्रणा गाडीत आहे, ती म्हणजे हँडब्रेक. ज्या गाड्यांत एक मार्ग पुढे आणि एक मागे असतो, तिथे हा तर्क लागू पडत नाही. तिथे मास्टर सिलिंडरवरचा संशय कायम ठेवावा लागतो. म्हणून आपल्या गाडीतली विभागणी आधी पाहून घ्यावी.

एवढी माहिती घेऊन फेब्रुवारीच्या मध्यावर एका वर्कशॉपमध्ये गेले. जॉबकार्डवर काउंटरवरच्या माणसाने ‘मागचे ब्रेक गरम होतात’ एवढेच लिहिले. मी त्यात ‘सुमारे अर्ध्या तासाच्या मोकळ्या प्रवासानंतर, ब्रेक न वापरता, उजवीकडे जास्त, गाडी गरम असतानाच तपासावी’ असे वाढवून घेतले आणि ‘फक्त निदान, दुरुस्ती परवानगीनंतर’ हेही लिहायला लावले. तरीही गाडी रात्रभर तिथे उभी राहिली आणि सकाळी थंड अवस्थेत उचलून पाहिली गेली. थंड असताना चाके बऱ्यापैकी मोकळी फिरत होती. ड्रम उघडून त्यांनी लायनर दाखवले. ते काचेसारखे गुळगुळीत झाले होते, कडेला बारीक भेगा पडल्या होत्या, ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग होते. संध्याकाळी हाती आलेल्या एस्टिमेटमध्ये दोन्ही बाजूंचे शू, दोन्ही ड्रम, दोन्ही व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारे छोटे सिलिंडर) आणि ‘ब्रेक ओव्हरहॉल’ अशी मजुरी होती. त्यातली बरीच कामे कधी ना कधी करावी लागणारच होती. पण लायनर जळले हा तापण्याचा परिणाम होता आणि तापण्याचे कारण त्या कागदावर कुठेच नव्हते. नवे शू बसवून ते धरून ठेवणारा भाग तसाच राहिला असता, तर काही आठवड्यांत नवे शूही त्याच वाटेने गेले असते. मी निदानाची मजुरी भरली, एस्टिमेटची प्रत घेतली आणि गाडी परत आणली.

त्यानंतरचे काही दिवस मॅन्युअल वाचण्यात गेले आणि त्यातूनच पुढच्या सगळ्या कामाला दिशा देणारी गोष्ट लक्षात आली. ब्रेक लावण्यामागे पायाचा, बूस्टरचा किंवा हाताचा मोठा जोर असतो. ब्रेक सुटण्यामागे मात्र काही स्प्रिंगा आणि रबरी सीलची थोडी ओढ, एवढेच बळ असते. जुन्या गाडीत गंज, सुकलेले ग्रीस आणि साचलेली धूळ लावण्याच्या क्रियेला क्वचितच अडवतात, कारण जोर त्यांना रेटून पुढे जातो. सुटण्याची क्रिया ते सहज अडवतात. त्यामुळे ब्रेक ‘चांगला लागतो’ याचा अर्थ तो ठीक आहे असा होत नाही, आणि तपासताना प्रत्येक भागाला ‘तू परत येतोस का’ एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

हा प्रश्न विचारायचा तर गाडी गरम असतानाच चाक फिरवून पाहायला हवे होते. ओळखीच्या एका अनुभवी मेकॅनिकनी यासाठी वेळ दिला. त्यांच्याकडे पोहोचण्याआधी पुन्हा तसाच मोकळा प्रवास केला आणि पोहोचताच गाडी मागून उचलली. हे घरी करणार असाल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि ती नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. ज्या हँडब्रेकची आपण तपासणी करत आहोत, त्याच्यावर गाडी अडवून ठेवता येत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली असताना उजवे चाक दोन्ही हातांनी जेमतेम फिरत होते, डावे घासत पण फिरत होते. मग त्यांनी गाडीच्या आत हँडब्रेकच्या दांड्यामागचा ॲडजस्टिंग नट ढिला करायला घेतला आणि तिथे पहिला खुलासा झाला. नट आट्यांच्या जवळजवळ शेवटापर्यंत कसलेला होता. केबल पूर्ण सैल झाली तेव्हा डावे चाक मोकळे झाले. उजवे थोडे हलके झाले, पण सुटले नाही. खाली वाकून उजव्या केबलचे टोक स्क्रूड्रायव्हरने चाकाच्या दिशेने रेटल्यावर ते करकरत सरकले आणि उजवे चाकही फिरू लागले.

याचा अर्थ समजायला केबलची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. सायकलच्या ब्रेकप्रमाणेच इथेही बाहेर एक आवरण आणि आत सरकणारी पोलादी तार असते. आतून दांड्याकडून येणारी ओढ मधल्या एका आडव्या पट्टीवर येते आणि ती पट्टी दोन्ही चाकांच्या केबलींना सारखे ओढते. आवरणाचे प्लास्टिक कुठे चिरले की रस्त्यावरचे पाणी आत शिरते, तार गंजून फुगते आणि आवरणाशी घट्ट होते. हाताने ओढल्यावर ती पुढे येते, पण ड्रममधल्या छोट्या स्प्रिंगला तिला मागे ओढता येत नाही. उजव्या केबलचे आवरण मागच्या ॲक्सलजवळच्या वळणावर चिरलेले होते. गाडी दिवसभर पावसात उभी राहिल्यानंतर त्रास का वाढत असे, याचे उत्तर तिथे मिळाले.

डाव्या बाजूचे कारण वेगळे आणि माझ्या मते जास्त शिकवणारे होते. कधीतरी लायनर झिजून हँडब्रेकचा दांडा जास्त वर येऊ लागल्यावर कोणीतरी ड्रममधला ॲडजस्टर न पाहता दांड्याजवळचा नट कसून काम भागवले होते. मागच्या शूवर हँडब्रेकची एक छोटी लिव्हर असते. हँडब्रेक सोडल्यावर ती आपल्या थांब्यावर पूर्ण टेकायला हवी, कारण माझ्या गाडीसारख्या अनेक ड्रम ब्रेकमध्ये शू आणि ड्रममधले अंतर आपोआप साधणारा ॲडजस्टर तिच्या त्या मूळ जागेवर अवलंबून असतो. केबल सतत ताणलेली राहिली की लिव्हर थांब्यावरून उचललेली राहते, ॲडजस्टर नीट काम करत नाही, पेडल हळूहळू खोल जाऊ लागते आणि शू ड्रमला किंचित घासत राहतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दांड्यामागचे झाकण काढून नटच्या पुढे किती आटे उरले आहेत, एवढे पाहिले तरी मागच्या ब्रेकचा बराच इतिहास कळतो.

मेकॅनिकनी केबल सैलच ठेवली आणि नव्या केबल येईपर्यंत हँडब्रेक अजिबात न वापरण्याची ताकीद दिली. सुटे भाग मागवताना चॅसिस नंबर द्यावा; नुसते मॉडेल आणि वर्ष पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये मागे ड्रम आणि मागे डिस्क असे दोन प्रकार असले तर केबलची लांबी वेगळी असते, आणि अनेक गाड्यांत डावी आणि उजवी केबलही सारखी नसते. व्हील सिलिंडरच्या बाबतीतही १७.४६, १९.०५ आणि २०.६४ मिलिमीटर असे डोळ्यांना जवळपास सारखे दिसणारे व्यास प्रचलित आहेत आणि चुकीचा व्यास बसवला तर मागचा ब्रेक कमी किंवा जास्त लागतो. केबलची जोडी, शूचा संच, स्प्रिंगा आणि ॲडजस्टर असा क्रम ठरला. भाग यायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. पहिल्यांदा आलेली उजवी केबल जुन्या केबलशेजारी ठेवल्यावर आवरणाने आखूड निघाली, ती परत गेली आणि पुन्हा वाट पाहावी लागली. जुनी आणि नवी केबल शेजारी ठेवून तारेची लांबी, आवरणाची लांबी आणि दोन्ही टोकांची बनावट जुळवून पाहणे हे काम गाडी उघडण्याआधी करायचे असते. परत पाठवलेल्या भागाची पावती आणि पार्ट नंबर लिहिलेले खोके जपून ठेवल्यामुळे बदली करून घेताना वाद झाला नाही.

या मधल्या काळात गाडी फार कमी वापरली. उभी करताना पहिला गिअर टाकायचा, ठोकळा लावायचा आणि शक्यतो सपाट जागाच निवडायची. ठोकळा न काढता निघण्याचा धोका टाळण्यासाठी त्याची दोरी आरशाला अडकवून ठेवत असे.

मार्चच्या अखेरीस ड्रम पुन्हा उघडले. झिजलेल्या ड्रमच्या कडेला गंजाची ओठासारखी कड तयार होते आणि ती शूवर अडकते. अशा वेळी हातोड्याने बडवण्यापेक्षा बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या ड्रममागच्या पत्र्याच्या, भोकातून ॲडजस्टर मागे घ्यावा आणि ड्रमवर दोन आट्यांची भोके असतील तर त्यांत बोल्ट सारखे कसत ड्रम बाहेर ढकलावा. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. ब्रेक क्लीनरने धूळ ओली करून पुसणे हाच योग्य मार्ग. ड्रमचा आतला व्यास मोजला. कमाल मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते, आणि माझे दोन्ही ड्रम तिच्या आत होते. निळसर डाग लेथवर हलकी घासणी केल्यावर गेले, खोल भेगा नव्हत्या, म्हणून ड्रम बदलले नाहीत. स्प्रिंगा मात्र बदलल्या. उजव्या बाजूच्या स्प्रिंगचा रंग जळून गेला होता आणि नव्या स्प्रिंगशेजारी ती उघडपणे सैल वाटत होती. नवीन शूच्या किमतीपुढे स्प्रिंगचा संच नगण्य असतो, तरी दुरुस्तीत तोच सर्वांत जास्त वेळा वगळला जातो.

बॅकिंग प्लेटवर शू जिथे टेकून सरकतात तिथल्या उंचवट्यांवर खाचा पडल्या होत्या. त्या कानशीने सपाट करून तिथे उच्च तापमान सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ थर दिला. साधे खनिज तेलाचे ग्रीस रबरी सीलना लागले तर ते फुगतात, म्हणून ते इथे वापरायचे नसते. डावा आणि उजवा ॲडजस्टर एकमेकांच्या जागी जाऊ नयेत म्हणून एका वेळी एकच बाजू उघडली. त्यांचे आटे उलट-सुलट असतात आणि अदलाबदल झाली तर आपोआप अंतर साधण्याची क्रियाच बंद पडते. शिवाय दुसरी बाजू नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहते, जे छायाचित्रापेक्षाही उपयोगी पडते. व्हील सिलिंडर कोरडे होते, रबरी टोपी उचलून पाहिल्यावर गळती दिसली नाही. ते तेव्हा तसेच ठेवले.

सगळे जोडल्यावर पुन्हा तोच रस्ता, तेच मोजमाप. डाव्या ड्रमचे तापमान पुढच्या डिस्कपेक्षा खाली आले. उजवा १६० वरून नव्वदच्या आसपास आला, पण तिथेच थांबला. नवे शू सुरुवातीला थोडे घासतात आणि त्याची उष्णता येतेच, म्हणून आणखी काही दिवस वाट पाहिली. डाव्याचे तापमान उतरत गेले, उजव्याचे उतरले नाही. त्या दिवसांत माझा धीर बराच खचला होता. मुख्य कारण सापडले, महिनाभर थांबून भाग बसवले आणि तरी चाक गरम, याचा अर्थ सगळा तर्कच चुकला की काय, असे वाटू लागले.

मेकॅनिकनी मात्र शांतपणे दुसरी चाचणी घेतली आणि ही चाचणी प्रत्येकाला माहीत असावी. गरम गाडी उचलली, पेडल जोरात दाबून सोडायला सांगितले आणि लगेच उजवे चाक फिरवून पाहिले. ते घट्ट होते. मग त्या चाकाचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइलमधली हवा काढायची छोटी तोटी, किंचित ढिला केला. आत दाब अडकलेला असता तर ऑइलची चिळकांडी उडाली असती आणि चाक त्याच क्षणी सुटले असते. तसे झाले असते तर संशय चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी होजवर (लवचिक नळीवर) गेला असता, कारण जुना होज आतून फुगतो आणि ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. इथे फक्त थेंब आले आणि चाक घट्टच राहिले. म्हणजे दाब नव्हता आणि अडचण ड्रमच्या आत होती. रबरी हातोडीने ड्रमवर दोन ठोके दिल्यावर चाक मोकळे झाले. केबल सैल होती, स्प्रिंगा नव्या होत्या. परत न येणारा एकच भाग आता उरला होता. ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरी टोपी पूर्ण काढली तेव्हा मागच्या बाजूच्या पिस्टनभोवती तपकिरी गंज दिसला. टोपी उष्णतेने कडक होऊन तिला चीर गेली होती आणि तिथून ओल आत गेली होती. ऑइल बाहेर येत नव्हते, त्यामुळे आधीच्या तपासणीत ते दिसण्याचे कारणच नव्हते. केबलने निर्माण केलेल्या उष्णतेतून हा दुसरा बिघाड जन्मला होता, आणि पहिला दूर झाल्याशिवाय तो वेगळा ओळखताही आला नसता.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलले. सिलिंडर काढताना ऑइलची नळी गंजलेल्या नटबरोबर पिळली जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी नटवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते आणि नळीसाठी असलेला खास पाना वापरला. त्यानिमित्ताने चारही चाकांतून जुने ऑइल काढून नवे डॉट ४ भरले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने हवा काढली. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून मडगार्डवर ओले कापड टाकून ठेवले होते.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी केबल पूर्ण सैल, मग ड्रममधला ॲडजस्टर शू हलकेच घासेपर्यंत पुढे आणि तिथून थोडा मागे, मग पेडल अनेकदा दाबून शू मध्यावर बसवायचे, आणि सर्वांत शेवटी केबल. माझ्या मॅन्युअलप्रमाणे सहाव्या खटक्याला हँडब्रेक पूर्ण लागायला हवा आणि पूर्ण सोडल्यावर दोन्ही लिव्हर थांब्यावर टेकायला हव्यात. हे दुसरे मोजमाप ड्रम लावल्यावर दिसत नाही, म्हणून पहिल्या खटक्यालाही चाक हाताने मोकळे फिरते का, हे पाहिले. नवे लायनर बसण्यासाठी रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून मध्यम जोराने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, आणि दोन वेळांमध्ये ब्रेक थंड होऊ द्यायचे, असे काही वेळा केले.

एप्रिलच्या मध्यावर त्याच रस्त्यावर उजवा ड्रम ४४ आणि डावा ४२ अंशांवर आला. यानंतर स्वतंत्र तपासणी केंद्रात रोलरवर ब्रेक तपासून घेतले. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर, डाव्या-उजव्यातला फरक आणि ब्रेक न लावता चाकाला होणारा अडथळा असे तिन्ही आकडे वेगवेगळे कळतात, आणि यातला तिसरा आकडा आपल्या कामाचा असतो. तो अहवालात छापून द्यायला सांगावे, अन्यथा नुसता ‘योग्य’ असा शिक्का मिळतो. हा अहवाल, दोन्ही बिले, पार्ट नंबर आणि तापमानाचे सगळे कागद एका पाकिटात ठेवले आहेत. जुने भाग परत मागून घेतले होते. चिरलेले आवरण आणि गंजलेला पिस्टन पुरवठादाराला दाखवता आल्यामुळे नव्या भागांच्या वॉरंटीची नोंद लगेच झाली.

एकूण खर्च पहिल्या एस्टिमेटच्या निम्म्याहून थोडा अधिक झाला. ड्रम वाचले, केबल वाढल्या. वेळ मात्र दोन महिन्यांहून अधिक गेला आणि त्यातला बहुतांश भागांची वाट पाहण्यात गेला. साधारण हजार किलोमीटरनंतर ॲडजस्टर आणि चाकांचे नट पुन्हा तपासायला मेकॅनिकनी सांगितले आहे, कारण नवे लायनर बसले की अंतर किंचित वाढते. ती तपासणी जूनमध्ये आहे. तोवर पावसात गाडी रात्रभर उभी करायची असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न ओढता गिअर आणि ठोकळ्यावरच ठेवते.